प्रकल्प नोंदी: देवगड हापूसची ऑनलाइन नोंदणी, हंगाम २०२५

६ जानेवारी २०२५

देवगड तालुक्यातील बागायतदारांच्या एका लहान गटासाठी हापूसच्या थेट विक्रीची यंत्रणा उभारण्याचे काम आजपासून सुरू केले. गटाचा माल सध्या दोन वाटांनी जातो. मोठा हिस्सा वाशीच्या बाजारात आडत्यांकडे रवाना होतो आणि उरलेला मुंबई-पुण्यातील ओळखीच्या घरांना, व्हॉट्सॲपवर आलेल्या निरोपांप्रमाणे पाठवला जातो. दुसऱ्या वाटेने दर चांगला मिळतो. परंतु हंगाम भरात आला की निरोप, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट आणि ऐनवेळी बदललेले पत्ते यांचा मेळ घालणे एका माणसाच्या आवाक्याबाहेर जाते.

ऑनलाइन दुकानाची तयार सॉफ्टवेअरे दिवसभर चाळली. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वस्तूचे नाव आणि किंमत भरली की पुढचा रकाना शिल्लक मालाचा येतो. माल गोदामात मोजून ठेवलेला आहे, हे तिथे गृहीतच धरलेले असते. आमचा माल आज मोहोराच्या रूपाने झाडावर आहे. त्यातली किती फळे धरतील, तुडतुडे आणि थ्रिप्स या किडींच्या तावडीतून किती सुटतील आणि एप्रिलच्या कोणत्या आठवड्यात ती झेल्यात, म्हणजे आंबे उतरवण्याच्या जाळीत, उतरतील, हे आज कोणीही सांगू शकत नाही. ही सॉफ्टवेअरे ज्या दुकानांसाठी घडली त्यांची गृहीतके त्यांच्या प्रत्येक पडद्यात मुरलेली आहेत. त्यातली कोणती आम्हाला चालतील आणि कोणती नाकारावी लागतील, याची यादी आधी करायची असे ठरले.

१७ जानेवारी २०२५

यादीतले पहिले नाव: खरेदीची टोपली.

अॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००७ साली ‘डायनॅमो’ या आपल्या अंतर्गत साठवण प्रणालीविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. तो आज पुन्हा काढून वाचला, कारण व्यापाराच्या एका निर्णयाने तंत्रज्ञानाला कसे वळण दिले याचे इतके उघड उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही. ग्राहकाने टोपलीत वस्तू टाकली आणि त्या क्षणी काही सर्व्हर बंद असले, तरी ‘आता जमत नाही’ असे उत्तर त्याला कदापि मिळता कामा नये, हा धंद्याचा आग्रह होता. तो पाळायचा तर निरनिराळ्या सर्व्हरवरच्या माहितीच्या प्रतींमध्ये क्षणोक्षणी एकवाक्यता राखण्याचा हट्ट सोडावा लागतो. म्हणून टोपलीच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या काही काळ नांदू द्यायच्या आणि नंतर त्या एकत्र करायच्या, हा मार्ग त्यांनी पत्करला. टाकलेली वस्तू हरवत नाही, मात्र काढून टाकलेली वस्तू कधीकधी टोपलीत पुन्हा दिसते, हा त्याचा दुष्परिणामही निबंधात नमूद आहे. या निबंधाच्या लेखकांपैकी अविनाश लक्ष्मण पुढे फेसबुकमध्ये गेले. तिथे त्यांनी प्रशांत मलिक यांच्यासह ‘कॅसँड्रा’ ही साठवण प्रणाली लिहिली आणि २००८ मध्ये ती मुक्त स्रोत म्हणून सर्वांसाठी खुली झाली. एका दुकानाची गिऱ्हाईक न गमावण्याची धडपड अशा रीतीने दुकानाशी काडीचाही संबंध नसलेल्या असंख्य प्रणालींच्या पायात जाऊन बसली.

आमची गरज नेमकी उलटी आहे. पुस्तक संपले तर छापखान्यातून आणखी मागवता येते. आठवड्याची तोडणी ठरली की तिच्याबाहेर एकही पेटी मिळत नाही. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यासाठी क्षमतेपेक्षा एक जरी नोंदणी अधिक घेतली, तरी कोणाच्या तरी घरी सणाला आंबा पोहोचणार नाही. त्यामुळे आम्ही नकार देणारी यंत्रणा बांधत आहोत. प्रत्येक आठवड्याचा कोटा पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एकाच ओळीत राहील, नोंदणी करताना त्या ओळीला कुलूप लागेल आणि कोटा संपला की पुढच्या ग्राहकाला स्पष्टपणे पुढचा आठवडा सुचवला जाईल. हे सारे एकाच सर्व्हरवर राहील. ज्या प्रश्नासाठी कॅसँड्रासारखी हत्यारे जन्मली तो प्रश्न आमचा नाही, आणि ती हत्यारे फुकट मिळतात एवढ्यासाठी ती घरात आणण्याचे कारण नाही.

४ फेब्रुवारी २०२५

पैशांचा विषय. गटाच्या बैठकीत सर्वाधिक वेळ यातच गेला.

‘अनोळखी माणूस आधी पैसे कशाला देईल?’ हा तरुण सभासदांचा प्रश्न रास्त होता. भारतातल्या ऑनलाइन व्यापाराने त्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी रोख रकमेत दिले होते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना ओळख पटवण्याचा आणखी एक टप्पा सक्तीचा झाला. त्याने फसवणुकीला आळा बसला. पण तेव्हाच्या मंद नेटवर्कवर बँकेच्या पानापर्यंत जाऊन परत येताना अनेक व्यवहार वाटेतच तुटत. कार्ड नसलेल्यांची संख्या तर त्याहून कितीतरी मोठी होती. फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली आणि बाकीच्या दुकानांनाही तीच वाट धरावी लागली. परंतु या सोयीमुळे कंपन्यांना रोकड गोळा करणारी, तिचा हिशोब ठेवणारी आणि नाकारलेली पार्सले परत आणणारी स्वतंत्र यंत्रणा उभी करावी लागली. ग्राहकाचा अविश्वास दूर करण्याचा तो खर्च होता आणि तो दुकानदाराने उचलला.

आंब्याला हे गणित लागूच पडत नाही. गटातले ज्येष्ठ, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, एवढेच म्हणाले, ‘पेटी परत इली तर ती कोणी खावची?’ आठवडाभर फिरून परत आलेली पेटी म्हणजे फेकून द्यायचा माल. मग पैसे आधीच घेणे भाग आहे.

ते आज शक्य आहे याचे श्रेय यूपीआयकडे जाते. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत त्याची प्रायोगिक सुरुवात झाली, ऑगस्टअखेर बँकांची ॲप्स येऊ लागली, ५ सप्टेंबरला जिओ बाजारात आले आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली. इतक्या गोष्टी एका वर्षात जुळून आल्या नसत्या, तर भाजीवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड इतक्या लवकर दिसला असता की नाही, याची मला शंका आहे. त्यात १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारांवरील एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याकडून बँकेने घ्यायचा हिस्सा, शून्य केला गेला. लहान विक्रेत्याला त्याने मोठा हात दिला. मात्र ज्या सेवेतून थेट उत्पन्न नाही ती चालवणाऱ्यांना कर्ज, विमा आणि जाहिराती यांतून पैसा शोधावा लागतो. पैसे भरण्याच्या ॲपमध्ये सोने विकत घेण्याचे आमंत्रण का दिसते, याचा उलगडा तिथे होतो.

निर्णय: नोंदणीच्या वेळी ठरावीक रक्कम आणि तोडणीनंतर पेटी निघण्यापूर्वी उरलेली, असे दोन हप्ते. ग्राहकाच्या खात्यातच रक्कम राखून ठेवून नंतर वसूल करण्याची सोय २०१८ मध्ये यूपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीने आणली आहे आणि कागदावर ती आमच्यासाठीच केल्यासारखी वाटते. परंतु आमचे बरेच ग्राहक निवृत्त आहेत आणि ‘पैसे गेले आहेत, पण गेलेले नाहीत’ हे त्यांना फोनवर समजावणे गटाला पेलणार नाही.

१९ फेब्रुवारी २०२५

पोहोचवण्याच्या पट्ट्यांची आखणी पिनकोडवर केली. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुणे यांचे निवडक पिनकोड पहिल्या हंगामासाठी पुरेसे आहेत; नाशिक आणि नागपूर पुढे पाहू. ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. सारख्या नावांची गावे आणि निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते यांतून टपालाची सुटका करणे हा तिचा हेतू होता. इंटरनेटचा मागमूस नसताना बनवलेली ही पद्धत आज प्रत्येक भारतीय दुकानाच्या पानावर ‘तुमच्याकडे माल येतो का’ याचा निवाडा करते. संस्कृत कवी म्हणून वेलणकरांचे नाव जाणणाऱ्यांनाही बऱ्याचदा हे माहीत नसते.

पिनकोड पट्टी ठरवतो, दार दाखवत नाही. पत्त्यात जवळची खूण लिहिण्यासाठी मोठा रकाना ठेवला आहे.

५ मार्च २०२५

बागेकडच्या बाजूचे काम. तोडणी झाली की किती डझन, कोणत्या वजनाची फळे आणि कोणत्या बागेतली, हे तिथल्या तिथे फोनवर भरायचे आहे. कातळावरच्या कित्येक बागांमध्ये रेंज येते आणि जाते. स्वतंत्र ॲप बनवून प्रत्येकाच्या फोनमध्ये घालण्याऐवजी ब्राउझरमध्येच चालणारे, नेटवर्क नसताना माहिती फोनमध्ये राखून ठेवणारे आणि रेंज आली की पाठवणारे पान करायचे ठरवले.

या तंत्राची घडण भारताशी जोडलेली आहे. २०१५ मध्ये इथल्या मोठ्या दुकानांना ॲपचे वेड लागले होते. मिंत्राने मे महिन्यात आपले संकेतस्थळ बंद करून केवळ ॲपवर विक्री ठेवली. फ्लिपकार्टनेही मोबाइलवरचे संकेतस्थळ मिटवून ग्राहकांना ॲपकडे ढकलले. ॲपमुळे ग्राहक हाताशी राहतो, त्याला सूचना पाठवता येतात, हा हिशोब होता. परंतु स्वस्त फोनमधली अपुरी जागा आणि टूजी नेटवर्क यांच्यापुढे तो टिकला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्टने गूगलच्या क्रोम चमूबरोबर ‘फ्लिपकार्ट लाइट’ आणले, जे ब्राउझरमध्ये उघडे, होम स्क्रीनवर ठेवता येई आणि तुटक नेटवर्कवरही तग धरी. मिंत्रा पुढच्या वर्षी वेबवर परतली. सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये पानामागे राहून नेटवर्क नसतानाही ते चालू ठेवणारा छोटा प्रोग्राम, हे मूळ तंत्र तेव्हा नवेच होते. त्याचा इतका मोठा व्यापारी वापर आधी कोणी केला नव्हता आणि ब्राउझर बनवणाऱ्यांना त्यातल्या उणिवा एका दुकानाने दाखवून दिल्या. आज आमच्या तोडणीच्या पानात मी जे वापरत आहे, ते त्या माघारीचे फळ आहे.

रेंज तुटून एकच नोंद पुन्हा पाठवली गेली तरी ती दोनदा चढू नये म्हणून प्रत्येक नोंदीला फोनवरच क्रमांक पडतो. चाचणी समाधानकारक.

२१ मार्च २०२५

गटातल्या एका तरुणाने सुचवले की पानावर लाल अक्षरांत ‘फक्त काहीच पेट्या शिल्लक’ असे झळकत ठेवावे, कारण मोठी दुकाने तसेच करतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत तेरा प्रकार सांगितले आहेत आणि खोटी घाई लावणे हा त्यांतला एक आहे. टोपलीत न सांगता वस्तू घुसवणे आणि किंमत शेवटच्या पडद्यापर्यंत थोडीथोडी वाढवत नेणे हेही त्याच यादीत येते. तंत्रज्ञानाने हे प्रकार सोपे केले, कारण पानाच्या दोन आवृत्त्या दोन गटांना दाखवून कोणती अधिक विकते हे मोजणे आता कोणालाही जमते. आणि विक्री हेच एकमेव मोजमाप ठेवले, तर घाबरवणारी आवृत्ती पुष्कळदा जिंकते.

आमची टंचाई खरी आहे, म्हणून आम्ही खरा आकडा साध्या अक्षरांत दाखवणार आहोत. वाहतूक खर्च पहिल्याच पडद्यावर एकूण किमतीत मिळवला आहे. तात्यांना हा आग्रह जरा जास्तच वाटतो. बाजारात भाव हळूहळूच उघडतात, असे त्यांचे म्हणणे आहे.

आंब्याच्या अस्सलपणाचा मुद्दाही याच बैठकीत निघाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही देवगडच्या नावाने दुसऱ्या राज्यांतली फळे विकली जातात आणि ऑनलाइन विक्रीत फळ हातात घेऊन वास घेण्याची सोय नसल्याने फसवणूक अधिकच सोपी होते. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने यंदाच्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लावण्याची आणि व्हॉट्सॲपवरून त्याची खातरजमा करण्याची पद्धत आणली आहे. वास घेणाऱ्या नाकाची जागा क्रमांकाने घेणे मला फारसे रुचत नाही, परंतु दूरच्या ग्राहकासमोर दुसरा पुरावा ठेवता येत नाही हेही खरे.

३१ मार्च २०२५

काल गुढीपाडवा झाला. नोंदणी सुरळीत सुरू असून सर्व्हरवरचा भार नगण्य आहे. भाड्याच्या सर्व्हरवर किती खर्च करावा, एवढाच प्रश्न होता.

अॅमेझॉनने सणासुदीसाठी घेतलेली आणि एरवी रिकामी पडणारी यंत्रे भाड्याने द्यायला काढली आणि त्यातून क्लाउडचा धंदा जन्मला, ही गोष्ट गटातल्या एकाने आज उत्साहाने सांगितली. ती सर्वत्र ऐकू येते. कंपनीचे तांत्रिक प्रमुख वर्नर वोगल्स यांनी मात्र ती दंतकथा असल्याचे म्हटले आहे. मार्च २००६ मध्ये साठवण आणि ऑगस्टमध्ये संगणनशक्ती अशा सेवा मुळातच विकण्यासाठी बांधल्या गेल्या. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टच्या मोठ्या विक्रीत संकेतस्थळ कोलमडले आणि संस्थापकांना ग्राहकांची माफी मागावी लागली. तसा दिवस आमच्यावर येण्याइतके आंबे तालुक्यातही नाहीत. सर्वांत लहान सर्व्हर कायम ठेवला.

१२ एप्रिल २०२५

आज शनिवारी देशभर यूपीआयचे व्यवहार अडखळले. २६ मार्चलाही असेच झाले होते. सकाळपासून गटाचा फोन वाजत राहिला: खात्यातून पैसे गेले, पण नोंदणी दिसत नाही.

या प्रसंगासाठीच पैशांच्या नोंदीचा भाग सर्वांत सावधपणे लिहिला होता. पैसे भरल्यावर ग्राहकाचा ब्राउझर आमच्या पानावर परत येतो, त्यावर आमची यंत्रणा विसंबत नाही. ग्राहक मधेच पान बंद करतो, फोनची बॅटरी संपते, किंवा यशाचा पडदा खोटाही बनवता येतो. पैसे जमा झाल्याचा स्वाक्षरी केलेला निरोप पेमेंट गेटवेकडून, म्हणजे आमच्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून, थेट आमच्या सर्व्हरकडे येतो तेव्हाच नोंदणी पक्की होते. हा निरोप उशिरा येऊ शकतो, दोनदा येऊ शकतो, आणि ‘व्यवहार फसला’ व ‘व्यवहार झाला’ हे दोन निरोप उलट्या क्रमानेही येऊ शकतात. म्हणून प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक एकदाच नोंदला जाईल अशी अट डेटाबेसमध्येच घातली आहे, आणि निरोप आलाच नाही तर ठरावीक वेळाने आम्ही स्वतः गेटवेला विचारतो. दुपारनंतर निरोपांचा लोंढा आला, त्यात बरेच दुबार होते, आणि एकाही ग्राहकाच्या नावावर दोन नोंदण्या चढल्या नाहीत.

अवघड गेले ते लोकांना धीर देणे. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम कापली गेली आणि विक्रेत्याला पुष्टी मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत व्हायला हवी आणि त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. तो मराठीत दोन वाक्यांत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवला, तेव्हा फोन कमी झाले. पैसे भरेपर्यंत ग्राहकासाठी राखून ठेवलेल्या कोट्याची मुदत आजच्यापुरती वाढवली, नाहीतर पैसे अडकलेल्यांच्या पेट्या दुसऱ्यांना गेल्या असत्या.

२९ एप्रिल २०२५

उद्या अक्षय्य तृतीया. या आठवड्याचा कोटा केव्हाच भरला आहे, तरीही जाहिरात द्यावी का, हा विषय निघाला, कारण एका जाहिरात एजन्सीने ‘पान पाहून निघून गेलेल्यांचा पाठलाग’ करून देण्याचा प्रस्ताव पाठवला आहे.

हा पाठलाग ज्या कुकीवर, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीवर, चालतो, तिचा जन्म दुकानासाठीच झाला. १९९४ मध्ये नेटस्केपचे लू मॉन्टुली हे एमसीआय या दूरसंचार कंपनीसाठी ऑनलाइन खरेदीच्या कामात होते. अर्धवट व्यवहारांची माहिती आपल्या सर्व्हरवर साठवायची एमसीआयची तयारी नव्हती. मग ती ग्राहकाच्याच ब्राउझरमध्ये ठेवायची युक्ती मॉन्टुली यांनी काढली. वेब प्रत्येक विनंती विसरून जाते, त्याला दुकानापुरती स्मरणशक्ती दिली गेली. पुढे जाहिरातवाल्यांनी तीच स्मरणशक्ती एका संकेतस्थळावरून दुसऱ्यापर्यंत ओढून नेली. सफारी आणि फायरफॉक्सने अशा परक्या कुकींना अटकाव केला, परंतु क्रोमची मालकी ज्या गूगलकडे आहे, त्याचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालते. त्या कुकी काढून टाकण्याचे आश्वासन कित्येकदा पुढे ढकलून गूगलने गेल्या वर्षी सोडून दिले आणि २२ एप्रिलला, वापरकर्त्याला त्याबद्दल वेगळे विचारणारी सूचनाही आणणार नसल्याचे जाहीर केले. तंत्रज्ञानाचा निर्णय धंद्याच्या वहीत कसा होतो, हे यापेक्षा स्पष्ट दिसणार नाही.

गटाने प्रस्ताव नाकारला. आमच्या पानावर एकच कुकी आहे आणि ती नोंदणी पूर्ण होईपर्यंत ग्राहकाला ओळखते.

२६ मे २०२५

मोसमी पाऊस काल देवगडपर्यंत पोहोचल्याचे हवामान खात्याने जाहीर केले आणि आज तो मुंबईतही आला. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद यापूर्वी नाही. त्याआधीच्या आठवड्यापासून कोकणात पाऊस कोसळतच होता. भिजलेले फळ डागाळते, लवकर नासते आणि आढीत धड पिकत नाही. झाडावर राहिलेला माल कॅनिंगला देण्यापलीकडे आता इलाज नाही. शेवटच्या दोन आठवड्यांच्या नोंदण्या रद्द करून पैसे परत देण्याचे काम हाती घेतले.

दोन हप्त्यांचा निर्णय इथे उपयोगी पडला, कारण परत करायची रक्कम केवळ नोंदणीची होती. मात्र परतावा करताना गेटवेचे मूळ शुल्क आम्हाला परत मिळत नाही. मोठ्या दुकानात हा खर्च लाखो व्यवहारांत मुरून जातो. इथे तो थेट बागायतदाराच्या खिशातून जातो. त्यामुळे पुढच्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्याची नोंदणी पैसे न घेता, केवळ नाव लिहून ठेवायची आणि तोडणी झाल्यावर एकरकमी पैसे मागायचे, असा बदल सुचवला आहे. काही नावे गळतील. ते गृहीत धरून कोटा थोडा वाढवावा लागेल, म्हणजे जानेवारीत नाकारलेला जास्त नोंदण्या घेण्याचा विचार हंगामाच्या त्या टोकाला मर्यादित प्रमाणात परत येईल.

१० जून २०२५

हिशोब बंद केला. गटाने पुढच्या हंगामासाठी पुढील कामे मान्य केली: मेअखेरच्या नोंदणीचा वेगळा नियम, पुण्यातल्या पट्टीसाठी आठवड्यातून दोन टेम्पो, आणि पत्त्यांची दुरुस्ती. हंगामात सर्वाधिक फोन पैशांसाठी आले नव्हते. टेम्पोचालकाला इमारत सापडत नाही म्हणून आले होते. टपाल खात्याने २७ मे रोजी ‘डिजिपिन’ जाहीर केला असून तो सुमारे चार मीटर बाय चार मीटर जागेला दहा अक्षरी संकेत देतो. पत्त्याच्या रकान्याखाली त्याची ऐच्छिक जागा करून ठेवत आहे. ती किती जण भरतात ते जानेवारीपासून दिसेल. तोवर जवळच्या खुणेचा रकाना आहे तसाच राहील.